पहिला मासा

राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीतल्या एका साहेबांनी आमच्या शाळेला जुना कॉम्प्युटर दिला, ते २००१ साल. त्यांच्या ऑफिसात नवे आले होते. पोत्यात गुंडाळून जीपमधून आणला आणि सातवीच्या वर्गात नकाशांच्या कपाटाशेजारी मांडून दिला. सोबत एक सीडी होती, त्यांचा मुलगा खेळून कंटाळलेला गेम. सीडीच्या डबीत टाचणी लावलेले चार टाइप केलेले कागद होते. गेम कसा सोडवायचा, त्याची पहिल्यापासून शेवटपर्यंतची उत्तरं त्यात होती. ते कागद मी न वाचता कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

आमचं गाव पोंभुर्ण्यापासून नऊ किलोमीटर आत. शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं असेल तर मुलं सायकलने जात. मुली घरी राहत.

हा गेम गोळ्या झाडायचा नव्हता. पडद्यावर एक चित्र यायचं: तलाव, झोपडी, खाणावळ, शेवटी डोंगरावरचा मनोरा. चित्रात लाल टोपीचा एक किडमिडीत माणूस उभा असायचा. पोरांनी त्याचं नाव लालटोप्या ठेवलं. माऊसचा बाण नेऊन दाबाल तिथे लालटोप्या चालत जायचा. खाली इंग्रजीत पाच शब्द होते: बघ, उचल, दे, उघड, वापर. चित्रातल्या वस्तू उचलायच्या, लालटोप्याच्या पिशवीत टाकायच्या आणि जिथे लागतील तिथे वापरायच्या. कुठे लागतील ते कोणी सांगायचं नाही. मनोऱ्याच्या माथ्यावरचं दार उघडलं की गेम संपला.

मला तो फार आवडला. सारी नोकरी मी पाठांतराशी भांडण्यात घालवली होती. इथे पाठ करायला काही नव्हतंच.

त्या वर्षी नागपूरच्या एका संस्थेने आमच्या भागातल्या शाळांना कळवलं होतं की सातवी झालेलं एक मूल पाठवा. बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं आमच्याकडे. परीक्षा नाही, शिक्षकाचं एक पत्र पुरे. पत्र एप्रिलअखेर पोचायला हवं होतं.

मला दामिनीला पाठवायचं होतं. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातल्या लटारूची ही मुलगी. बोलायची कमी, पण एखादी गोष्ट समजली नाही की डोळे बारीक करून तिच्याकडे बघत बसायची, जाळ्यातली गाठ सोडवायला घेतल्यासारखी. मार्क मात्र प्रणितला जास्त पडत. प्रणितचे वडील धनराजभाऊ शाळा समितीचे अध्यक्ष. मी नुसतं दामिनीचं नाव लिहिलं असतं, तर ते गुणपत्रिका घेऊन दारात उभे राहिले असते. म्हणून मी वर्गात सांगितलं, "जो हे शेवटचं दार पहिलं उघडेल, त्याचं नाव मी नागपूरला लिहीन. नियम एकच. विचारायचं नाही. मलाही नाही."

आचल म्हणाली, "बिलकुलच नाई, गुरुजी? अडकलो तरी?"

"अडकलं तर अडकून राहायचं. अडकून राहण्यातच शिकणं असतं."

"मंग आमी काय म्हतारे होतपर्यंत बसाचं का जी इथी?" ती म्हणाली, आणि सगळी हसली. मीही हसलो.

वीज दुपारी दोन ते चार असायची. रोज चौघांना अर्धा अर्धा तास. प्रत्येकाच्या नावाने त्याचा खेळ कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्या पाळीला तिथूनच पुढे. पहिल्या दिवशी पहिली पाळी मी दामिनीला दिली.

पहिलंच चित्र तलावाचं. काठावर एक फाटकं जाळं पडलेलं. तिने ते उचललं आणि पाण्यावर वापरलं. बोटभर लांबीचा चंदेरी मासा पिशवीत आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दामिनीने त्याच क्षणी माशावर बाण नेला, मग पाण्यावर नेला, आणि दाबलं. मासा पाण्यात गेला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. ती मी मराठीत सांगितली: "तू मासा सोडून दिलास. किती दयाळू आहेस तू!"

"अबे, हातातला मासा सोडला हिनं!" प्रणित ओरडला. "ढिवराची पोट्टी अन् मासा सोडते!"

"पयला हाय तो," दामिनी म्हणाली. "पयला आपला नसते. तलावाचा असते."

लटारूच्या घरची ती रीत. जाळ्यात आलेला पहिला मासा, लहान असो की मोठा, पाण्याला परत द्यायचा आणि मग धंद्याला लागायचं. मी पोरांना गप्प केलं. पुढे पंधरा मिनिटं मी त्यांना सांगत होतो की घेण्याआधी देणं म्हणजे काय, आणि दामिनीला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती लाजली. तिने पुन्हा जाळं टाकायला घेतलं तेव्हा ते कुजून तुटून गेलं होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. समोर अख्खा गेम पडला होता.

चार वाजता मुलं गेल्यावर मला सहज वाटलं, ती जाळ्याची जागा त्या कागदांत कशी दिली आहे ते बघावं. कपाट उघडलं. दुसऱ्या पानावर चौकटीत लिहिलं होतं: मासा कधीही सोडू नका. तो खाणावळीतल्या चुलीवर भाजा. लालटोप्या तो खाईल आणि काटा पिशवीत राहील. शेवटच्या दाराचं कुलूप फक्त त्या काट्याने उघडतं. मासा सोडला असेल तर दार कधीच उघडणार नाही, आणि गेम तुम्हाला तसं सांगणारही नाही.

मी ते दोनदा वाचलं आणि कागद परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एवढंच सांगायचं होतं की पोरी, पहिल्यापासून कर. एका दिवसाचा खेळ वाया गेला असता, बस. पण नियम माझाच होता. धनराजभाऊंच्या कानावर गेलं असतं की गुरुजींनी दामिनीला सांगितलं, तर सगळंच फिसकटलं असतं. आणि आणखी एक गोष्ट होती. मला वाटलं, हिला एक दिवस आपलं आपण कळेल. दारापाशी पोचेल, अडेल, मागे वळून बघेल, आणि त्या पहिल्या माशापर्यंत स्वतः जाईल. केवढा मोठा धडा असेल तो! तो क्षण मला डोळ्यांनी बघायचा होता. दिवाळी अजून व्हायची होती. वेळ भरपूर होता.

दामिनी सगळ्यांच्या पुढे गेली. देवळातली घंटा वाजवायची होती आणि तिचा लोळा गायब होता. तिने खाणावळीतला झारा आणून आत टांगला. विहिरीला दोर नव्हता. तिने म्हातारीच्या अंगणातली कपडे वाळवायची दोरी सोडून आणली. राजाचं पत्र कोरं होतं; त्यावर आठवडाभर सगळे डोकं फोडत होते. दामिनीने ते दिव्यावर धरलं आणि अक्षरं उमटली.

"कसं काय सुचलं वं तुले?" आचलने विचारलं.

"लिंबाच्या रसानं नाई का लिहीत आपन? तसंच असन म्हटलं."

तिच्या पाळीला सगळा वर्ग तिच्या खुर्चीमागे उभा असायचा. तिची पाळी संपली की ती दप्तर उचलून पळायची. आई नव्हती, घरचा स्वयंपाक, मग तलाव. दुसऱ्या कोणाचा खेळ बघायला तिला वेळच नव्हता. प्रणित मात्र रोज तिच्या उजव्या खांद्यामागे उभा राहायचा. मग त्याच्या पाळीला झारा घंटेत, दोरी विहिरीत, पत्र दिव्यावर. तो विचारत नव्हता. बघत होता. बघू नका असा नियम मी केला नव्हता.

दिवाळीनंतर एकदा खाणावळीच्या चित्रात प्रणितला चूल दिसली आणि मस्करीत त्याने पिशवीतला मासा चुलीवर टाकला. लालटोप्याने मासा भाजून खाल्ला, ढेकर दिला आणि काटा पिशवीत टाकला. पोरं हसून लोळली. दामिनी तेव्हा घरी भात टाकत होती. मी वर्गातच होतो. मीही हसलो.

फेब्रुवारीत ती मनोऱ्याच्या माथ्यावर पोचली. लोखंडी दार, त्याला नाण्याएवढं कुलूप. 'बघ' दाबलं की ओळ यायची: इथे काहीतरी बारीक आणि कडक लागेल. तिने पीस घातलं, फार मऊ. झाऱ्याचा दांडा घातला, फार जाड. मेणबत्ती, दोरी, गवताची काडी, सगळं लावून झालं. मग तिने वही केली. एका बाजूला पिशवीतल्या वस्तू, दुसऱ्या बाजूला सगळी चित्रं, आणि जे करून झालं त्यावर फुली. ती वही मी तपासायला म्हणून घरी नेली होती. चोवीस पानं फुल्यांनी भरली होती. पाचव्या पानावर पहिल्या चित्राखाली लिहिलं होतं: जाळं तुटलं. आता इथी काही नाही. मी खाली लाल शाईने 'अक्षर सुंदर' असं लिहिलं.

मार्चमध्ये पोरांचा उत्साह ओसरला आणि चिडवणं वाढलं.

"काय वं दामिनी, दाराशीच लगीन लावतं का आता?" आचल म्हणायची.

"तिले म्हना डोक्यानं ठोकून पाह्य," प्रणित म्हणायचा. "थे वापरलं नाई तिनं अजून."

मी त्यांना रागावत नसे. माणसाने चिडवणंही सोसायला शिकलं पाहिजे, असं माझं तेव्हा मत होतं.

एका सकाळी लटारू शाळेत आला. पायात चिखल होता म्हणून व्हरांड्याखालीच उभा राहिला.

"गुरुजी, पोरगी झोपेत बडबडते जी. बारीक अन् कडक, बारीक अन् कडक. काय हाय थे?"

"गेममधलं आहे, लटारूभाऊ. विचार करते आहे ती."

"मी तं तिले सांगून ठेवलं. नागपूरले नाव गेलं तं जाय, मी अडवत नाई. नाई गेलं तं तलाव हाय, मंग शिक्षनाचं नाव काढाचं नाई." त्याने वर माझ्याकडे बघितलं. "होईन ना जी तिचं? तुमी पाहून राह्यले ना तिच्याकडे?"

"पाहतो आहे."

"मंग झालं," तो म्हणाला आणि गेला.

त्याच आठवड्यात एकदा दामिनीची पाळी शेवटची होती, आणि चार वाजता ती घरी पळाली नाही. सगळी गेल्यावर माझ्या टेबलापाशी आली.

"गुरुजी, मी विचारत नाई हाव. नियम माहीत हाय मले. फक्त सांगते. मी पयल्यापासून करू म्हनते का... पन सात महिन्याचं सारं जाईन."

मी म्हणालो, "तुझं तू ठरव."

ती उभीच राहिली. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती, मी गाठ असल्यासारखं.

"एकच इचारू? त्या दाराचं नाई. एवढंच सांगा, थे दार उघडतेच ना? का उघडतच नाई अन् नुसता खेळ चालू राह्यते?"

खिशात किल्ली होती. कपाट माझ्या पाठीमागे होतं.

"उघडतं," मी म्हणालो.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मंग कुठी तरी असनच. मीच पाह्यलं नाई." आणि पळाली. माझ्या त्या एका शब्दावर विसंबून तिने पहिल्यापासून करायचं सोडून दिलं. त्या दिवसापासून ती दाराच्या आजूबाजूच्या भिंतीचा एकेक दगड दाबून बघू लागली. भिंतीत दोनशे चाळीस दगड होते. वहीत तिने सगळ्यांना नंबर दिले होते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दामिनी एकशे सत्तराव्या दगडावर होती. तिची पाळी संपली. त्या दिवशी लटारू घाटकुळला बाजाराला गेला होता, म्हणून तिला घाई नव्हती. पहिल्यांदाच ती दुसऱ्याचा खेळ बघायला थांबली. पुढची पाळी प्रणितची होती. तो आदल्या दिवशीच मनोऱ्यावर पोचला होता, तिच्याच पावलांवर पाऊल टाकत. त्याने दाराकडे बघितलं, पिशवी उघडली आणि काहीच विचार न करता वस्तू एकेक करून कुलपात घालू लागला. पीस. मेणबत्ती. काटा.

कुलूप खाड्‌कन पडलं. दार उघडलं. आत खिडकी, खिडकीतून लांबवर समुद्र, आणि स्पीकरमधून वाजंत्री. पोरांनी प्रणितला उचलून घेतलं.

दामिनी पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"हा काटा कुठून आनला?"

"मास्याचा हाय," प्रणित वरूनच म्हणाला. "चुलीवर भाजला होता नं."

"मासा कुठून आनला?"

"तलावातून बे! पयल्याच दिवशी. तू नाई का सोडून देल्ला! दयाळू बाई!"

आचल हसली आणि मग तिचं हसू आपोआप थांबलं. दामिनीने पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे वळवली.

"गुरुजी, तुमाले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

खोटं बोलायची मला सवय नव्हती. "त्याच दिवशी संध्याकाळपासून."

ती रडली नाही. वही टेबलावर ठेवली, नीट, कडेला कड लावून. "तपासाची राह्यली हाय," ती म्हणाली आणि दप्तर घेऊन गेली.

धनराजभाऊ पेढे घेऊन त्याच दिवशी आले. "गुरुजी, तुमी तं भारीच परीक्षा ठेवली बाप्पा," ते म्हणाले. "माह्या पोराचं डोकं असं चालते, मलेच माहीत नव्हतं." अजूनही पत्रात मी कोणाचंही नाव लिहू शकलो असतो. कागद माझा होता, सही माझी होती. पण पोरांसमोर दिलेला शब्द मोडला, तर पोरं शब्दावरून काय शिकतील? मी प्रणितचं नाव लिहिलं. संस्थेला कल्पना यावी म्हणून उदाहरणंही दिली: लोळा नसलेल्या घंटेत झारा टांगणं, कोरं पत्र दिव्यावर धरणं. हा विद्यार्थी पाठांतरावर विसंबत नाही, अडचणीपुढे चिकाटीने उभा राहतो, असं लिहिलं. पत्र चांगलं उतरलं होतं. प्रणितला प्रवेश मिळाला.

मेमध्ये तलावाचं पाणी उतरलं आणि ढिवर मोहल्ल्यातली सगळी माणसं पाण्यात उतरली. मी एका सकाळी तलावाच्या बांधावर गेलो. लटारूला सांगायचं होतं की पोंभुर्ण्याच्या शाळेत आठवीला नाव घालू, मी स्वतः बोलतो, सायकलची सोय बघतो. कपाटातले ते चार कागदही मी खिशात घेतले होते. दामिनीला द्यावेत असं मनात होतं. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

लटारू काठावर जाळ्याला शिसं बांधत बसला होता. दामिनी मांडीएवढ्या पाण्यात, लुगड्याचा काचा मारून, बायांच्या रांगेत उभी होती. शाळेचा फ्रॉक जाऊन महिनाही झाला नव्हता.

"या गुरुजी," लटारू म्हणाला. "बसा. आत्ताच सुरू करून राह्यलो."

मी पोंभुर्ण्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "तिलेच इचारा," तो म्हणाला. "मी अडवत नाई. थेच नाई म्हनते. मी म्हटलं, बाई, गुरुजी सांगतीन काही तरी. तं म्हनते, गुरुजी सांगत नसतात."

मी हाक मारली. तिने मान वर केली. त्याच वेळी तिने टाकलेलं जाळं ओढत आणलं, आणि त्यात एकच मासा होता, बोटभर लांबीचा, उन्हात चमकणारा. बाया थांबल्या. पहिला मासा पाण्याला देताना तिकडे कोणी बोलत नाही.

दामिनीने तो जाळ्यातून सोडवला आणि मुठीत धरला. माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले नव्हते. मग कमरेच्या टोपलीचं झाकण सारून मासा आत टाकला आणि झाकण लावलं.

"अवं!" लटारू उठून उभा राहिला. हातातलं शिसं खाली पडलं. "पयला हाय नं तो! पयला आपला नसते, बाई!"

"राहू दे, बाबा," ती जाळं झटकत म्हणाली. "लागते मंग कुठी तरी."